जाड टाइप आणि आपली शिरोरेषा

गेल्या पावसाळ्यांत नाशिकमधील एका कचेरीच्या दाराशीं एक फलक लागला होता. ‘अर्ज भरण्याची जागा’ असें त्यावर छापावयाचें होतें. परंतु अक्षरें इतकीं जाड केलीं होतीं कीं, ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजून त्याचा सरळ ‘म’ झाला होता! माझ्यापुढें उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तो मोठ्यानें वाचला, आणि म्हणाले, “मग घाई कशाला?” रांगेंतले सारे हंसले. दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

दुरून वाचावयाचा जाड टाइप ही मूळची आपली वस्तु नव्हे. इंग्लंडांत यंत्रयुगाबरोबर जाहिराती भिंतींवर आल्या, तेव्हां पुस्तकांतला नाजूक टाइप तेथें अपुरा पडूं लागला. १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यानें निराळाच टाइप काढला. त्यांतील रेघा जवळजवळ सारख्या जाडीच्या, आणि उभ्या रेघेच्या टोकांना विटेसारखे चौकोनी तुकडे. पुढें या जातीला ‘इजिप्शियन’ हें नांव मिळालें. पिरॅमिडांच्या देशांत मात्र ती जन्मलेली नाहीं. १८४५ मधील रॉबर्ट बेस्लीचा ‘क्लॅरेंडन’ हा तिच्याच कुळांतला.

आतां ही वीट देवनागरीला कोठें बसवावयाची? रोमन अक्षर जमिनीवर उभें असतें, आपलें अक्षर शिरोरेषेला टांगलेलें असतें. आपली वीट आधींच वर आहे, आणि ती अखंड आहे. तिची जाडी वाढविली कीं खालच्या अंगाची जागा जाते. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खालीं उकार यांनाही ओळींत वांटा द्यावा लागतो. मग ‘क्ष’चें पोट भरून जातें, आणि ज्या एवढ्याशा फटीमुळें ‘ध’ हा ‘घ’हून वेगळा ओळखावयाचा, ती फटच नाहींशी होते.

मुंबईस १८६४ मध्यें टाइप-फौंड्री काढणारे, पुढें ‘निर्णयसागर’मुळें प्रसिद्धि पावलेले जावजी दादाजी आणि त्यांचे कुशल कारागीर राणोजी रावजी आरू यांच्या काळीं प्रत्येक आकाराचा टाइप पोलादावर स्वतंत्र कोरावा लागे. कोरतांना कारागिराचा डोळा आंतल्या पांढऱ्या जागेवर असे; कोठें रेघ दाबावी, कोठें सांधा बारीक करावा, हें तो हातानेंच ठरवी. आज संगणकावर ‘ठळक’ची कळ दाबली, आणि त्या टाइपाचा खास रेखलेला जाड वाण जवळ नसला, तर यंत्र सर्व रेघा बाहेरून व आंतून सारख्याच फुगवितें. त्याला ‘भ’ आणि ‘म’ यांतला भेद काय ठाऊक!

जाड देवनागरी वाचनीय होत नाहीं असें मात्र नव्हे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ पाहावा. नांवाप्रमाणेंच गुबगुबीत, पोटांतली जागा जवळजवळ संपलेली, तरी ठेवलेली बारीक पांढरी रेघ प्रत्येक अक्षराची ओळख राखते. ही रेघ कोणी तरी मुद्दाम बसून आंखलेली असते.

कचेरीवाल्यांनीं पुढें फलक बदलला. टाइप तोच, मजकूर तेवढा नवा: ‘अर्ज घेण्याची जागा’. त्यांतलें मधल्या शब्दाचें पहिलें अक्षर ‘घ’ आहे कीं ‘ध’, हें मला रस्त्याच्या पलीकडून अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.