विजेच्या पाण्याकाठची सहल

लोणावळ्याजवळचे वळवण आणि शिरोता, आंदर मावळातले ठोकरवाडी आणि त्यांच्या दक्षिणेचे मुळशी हे जलाशय टाटांच्या वीज कंपनीने बांधले. घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी अडवायचे, बोगद्यांतून आणि मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्यावर वीज करायची, ही मूळ योजना. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. आज पुण्या-मुंबईची माणसे सुट्टीला याच पाण्याच्या काठी येतात. काठाला सगळीकडे कुंपण नाही, पण धरणाची भिंत, दरवाजे, नळ आणि वीजघर ही कामाची ठिकाणे आहेत. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

जलाशयाची पातळी वीजनिर्मितीप्रमाणे खालीवर होते. पाणी उतरले की काठावर गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसला तरी आत तो ओला असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो. तळही सपाट नाही. मुळशी धरणात गावे बुडाली. त्यांच्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. त्या गावांची शेते आणि उंचवटे आता पाण्याखाली आहेत. त्यामुळे काठावर गुडघाभर असलेले पाणी दोन पावलांवर डोक्यावरून जाऊ शकते. पोहता येत असले, तरी अनोळखी जागी उतरू नये.

या पाण्याचा सर्वांत मोठा खेळ मात्र घाटाखाली चालतो. मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिका नदीत येते आणि त्या विसर्गावरच कोलाडचे राफ्टिंग अवलंबून असते. पाणी केव्हा सुटणार यावर तराफ्यांची वेळ ठरते. पाणी सुटले की नदीची पातळी झपाट्याने वाढते, म्हणूनच उथळ दिसणाऱ्या पात्रात दगडावर बसून राहणे धोक्याचे. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि प्रशिक्षित वाटाड्या या गोष्टी तिथे सक्तीच्याच मानाव्यात.

पावसाळ्यात धोका निसर्गाकडूनही येतो. लोणावळ्याचे भुशी धरण रेल्वेचे. त्याच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा व काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला, की सामान सोडून लगेच उंचावर जावे.

कचऱ्याचे गणित सोपे आहे. काठावर टाकलेले प्लास्टिक पहिल्या पावसात जलाशयात जाते. बाटल्या फोडणे तर अक्षम्यच, कारण त्याच काठावर गुरे पाणी प्यायला येतात. उन्हाळ्यात सुके गवत पेटायला वेळ लागत नाही, म्हणून चूल मांडू नये, डबा घरून न्यावा. मासेमारीसाठीही आधी परवानगी घ्यावी. वळवणला कंपनी अनेक वर्षे महासीर माशांची पैदास करत आली आहे आणि त्यांची पिल्ले जलाशयांत सोडली जातात.