खडबडीत मृत्पात्रावरील रंगलेप

डहाणू-तलासरी भागातील वारली घरांच्या कुडाच्या भिंतींवर शेणमाती, गेरू आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेखा हा क्रम परिचित आहे. भिंत पुनःपुन्हा लिंपता येते. मृत्पात्राला ती सोय नाही. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो व भट्टीतही टिकतो: हवा खेळती असल्यास तांबडा राहतो, धूर कोंडल्यास काळवंडतो. खडबडीत पृष्ठावर गेरूचे पाणी फिरवून उंचवटे पुसल्यास रंग खाचांत उरतो व पोत उठून दिसतो. तांदळाचे पीठ मात्र सेंद्रिय असल्याने भट्टीत जळून जाते. भाजल्यानंतर लावल्यास पाण्याने धुपते. म्हणून पांढरी रेखा टिकवावयाची असल्यास भाजण्यापूर्वी पांढऱ्या मातीचा पातळ लेप योजणे इष्ट होय.