लिनक्स कर्नलमधील अंतर्भूत ड्रायव्हर : केलेला बदल कार्यान्वित झाल्याची पडताळणी

लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर दोन प्रकारे समाविष्ट करता येतो. तो स्वतंत्र मोड्यूल म्हणून बांधला, तर चालू यंत्रणेतून काढून त्याच्या जागी नवा बसविता येतो. मात्र जुळणीच्या वेळी ‘एम’ऐवजी ‘वाय’ हा पर्याय निवडला, तर ड्रायव्हर कर्नलच्या प्रतिमेतच विलीन होतो. मग एका ओळीचा बदलही नवी प्रतिमा जोडून, ती योग्य ठिकाणी ठेवून व यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज अमलात येत नाही. या मार्गात कोठेही खंड पडला, तरी यंत्र कोणतीही तक्रार न करता जुन्याच कर्नलवर चालू लागते. अशा वेळी विद्यार्थी ‘बदलामुळे फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष प्रबंधात नोंदवितो. वस्तुतः त्याने एकाच कर्नलची स्वतःशीच तुलना केलेली असते. तेव्हा बदल झाल्याचा पुरावा म्हणून काय ग्राह्य धरावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरणादाखल इंटेलच्या ‘ई१०००’ या नेटवर्क ड्रायव्हरचा विचार करू. या कार्डाची नक्कल क्यूईएमयू व व्हर्च्युअलबॉक्स या दोन्हींत उपलब्ध असल्याने प्रयोगशाळेत तो सोयीचा आहे. त्यात ‘कॉपीब्रेक’ नावाचा एक पॅरामीटर आहे. किती आकारापर्यंतचे आलेले पॅकेट नव्या बफरमध्ये उतरवून घ्यावे, हे तो ठरवितो. त्याचे मूलभूत मूल्य २५६ बाइट आहे. समजा, मूळ संहितेतील हा स्थिरांक ५१२ केला.

‘मेक’ यशस्वी झाल्याने केवळ डिस्कवर एक नवी प्रतिमा तयार झाली, इतकेच सिद्ध होते. प्रथम पाहावयाचे ते चालू कर्नलचे ओळखपत्र. ‘यूनेम’ या आज्ञेच्या उत्तरात निर्मितीचा क्रमांक व वेळ असते. कर्नल नव्याने जोडला की क्रमांक एकाने वाढतो. निर्मितीची निर्देशिका पूर्ण साफ केल्यास तो पुन्हा १ पासून सुरू होतो. आभासी यंत्रांची घड्याळे पुष्कळदा चुकीची असतात, म्हणून वेळेपेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवावी. जुळणीत स्थानिक आवृत्तीचा स्वतःचा प्रत्यय जोडणे याहून उत्तम. क्रमांक जुनाच दिसला, तर दोष बहुधा ग्रबच्या यादीत किंवा प्रतिमेच्या पत्त्यात असतो. ड्रायव्हरची संहिता पुन्हा चाळण्यात अर्थ नसतो.

नवा कर्नल चालू आहे एवढ्याने आपली ओळ त्यात आहे, असे ठरत नाही. येथे ‘एलएसमॉड’ निरुपयोगी ठरते, कारण अंतर्भूत ड्रायव्हर तिच्या यादीत येतच नाही. साहजिकच लक्ष ‘डीमेसेज’च्या संदेशांकडे जाते. कॉपीब्रेकविषयीचा संदेश हा ड्रायव्हर देतो खरा, पण केव्हा? चालू मूल्य मूलभूत मूल्याहून वेगळे असेल तेव्हाच. आपण तर मूलभूत मूल्यच बदलले आहे. दोन्ही ५१२ झाल्याने संदेश उमटणार नाही. बदल पूर्णपणे लागू झाला आहे, तरीही नोंद कोरी! संदेशाची अनुपस्थिती हा बदलाच्या अनुपस्थितीचा पुरावा नव्हे, याचे इतके नेटके उदाहरण क्वचित सापडेल.

अशा प्रसंगी मूल्यच वाचावे. अंतर्भूत ड्रायव्हरला पॅरामीटर असल्यास ‘सिस’ निर्देशिकेतील ‘मोड्यूल’ या विभागात त्याच्या नावाची निर्देशिका आढळते आणि कॉपीब्रेकचे चालू मूल्य तेथे वाचता येते. तेथे ५१२ दिसावे. २५६ दिसल्यास मात्र आणखी एक शक्यता तपासावी : बूटच्या वेळी दिलेला पर्याय संहितेतील मूल्यावर मात करतो. त्यासाठी ‘प्रॉक’मधील ‘सीएमडीलाइन’ पाहावी.

ज्या बदलाला असे वाचनीय मूल्य नाही, तेथे स्वतःचा संदेश घालावा लागतो. पण त्याची जागा विचारपूर्वक निवडावी. प्रारंभिक फंक्शन उपकरण असो वा नसो, चालतेच. ‘प्रोब’ मात्र जुळणारे उपकरण सापडले तरच चालते, आणि आभासी यंत्राला दुसरेच कार्ड दिलेले असेल तर तेथील संदेश कधीच दिसणार नाही. ‘कॅलसिम्स’च्या यादीत फंक्शनचे नाव शोधण्याची युक्तीही एकतर्फीच आहे. नाव सापडले तर ते फंक्शन प्रतिमेत आहे हे निश्चित. न सापडल्यास कंपायलरने ते दुसऱ्या फंक्शनमध्ये सामावून घेतले असण्याचा संभव उरतो.

मोजमापाच्या प्रकल्पात आणखी एक कसोटी आवश्यक वाटते. स्थिरांक ३८४ करून सर्व क्रिया पुन्हा करावी. वाचलेले मूल्य ३८४ झाले, तर संहितेपासून चालू कर्नलपर्यंतचा मार्ग अखंड आहे असे मानून मोजमापास प्रारंभ करावा, आणि निकालाच्या प्रत्येक तक्त्यासोबत ‘यूनेम’ची पूर्ण ओळ व वाचलेले मूल्य नोंदविण्यास विद्यार्थ्यास सांगावे.