मानवी हक्कांचे निरीक्षक : संघर्षाच्या देशात

काम : हल्ला झालेल्या गावी जाणे, पीडितांशी एकांतात बोलणे, तारीख, ठिकाण, जखमा टिपणे आणि दुसऱ्या स्वतंत्र साक्षीवरून खातरजमा करणे. संमतीशिवाय नाव उघड करायचे नाही. बोलणाऱ्याचा जीव अहवालापेक्षा मोलाचा.

संस्था : संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम (स्थापना १९७०, मुख्यालय बॉन, जर्मनी). दक्षिण सुदानमधील शांतता मोहिमेच्या मानवी हक्क विभागात असे स्वयंसेवक काम करतात. पगार नाही, निर्वाह भत्ता मिळतो.

मराठी वारसा : सासवडला जन्मलेले न्या. वि. म. तारकुंडे (१९०९-२००४). मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद १९६९ मध्ये सोडल्यावर पुढे त्यांनी नागरी हक्कांच्या कामाला वाहून घेतले. १९९० मध्ये काश्मीरला गेलेल्या सत्यशोधन पथकात तेही होते.

ईटहून अर्ज : भूम तालुक्यातल्या ईटमध्ये बसूनही या स्वयंसेवक कार्यक्रमात नाव नोंदवता येते. किमान वय १८. अनुभवाची अट पदानुसार. कायदा, समाजकार्य, पत्रकारिता ही पार्श्वभूमी उपयोगी. इंग्रजी पक्की हवी, सोबत फ्रेंच किंवा अरबी आली तर उत्तम. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. ‘परदेशी पाठवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.