जुन्या मोटारीचे एंजिन का तापते?

झाशीच्या ईशान्येस बेतवा नदीच्या काठी एरच हे प्राचीन गाव वसलेले आहे. बुंदेलखंडाच्या या भागात वैशाख-ज्येष्ठात हवेचे तपमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा दिवसांत एखादी जुनी जीप किंवा अँबॅसडर वाटेत थांबते, बॉनेटखालून वाफेचे लोट निघू लागतात, आणि सारा दोष उन्हाच्या माथी मारला जातो. परंतु त्याच रस्त्यावरून, त्याच उन्हात दुसऱ्या मोटारी बिनधोक धावत असतात. तेव्हा खरे कारण शोधावयाचे असेल, तर एंजिनातील उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडते हे प्रथम पाहिले पाहिजे.

पेट्रोलच्या ज्वलनाने जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी सुमारे चौथा हिस्साच गतीच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो व उरलेला सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. तो पाण्याने वाहून न्यावयाचा असतो. पंप हे पाणी खेळवितो. ते सुमारे ८० अंशांपर्यंत तापले की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते. आणि रेडिएटरच्या नळ्यांतून उतरताना ते आपली उष्णता हवेला देते.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हे पाणी आणि हवा यांच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर व हिवाळ्यातील हवा २० अंशांवर असता हे अंतर ७० अंशांचे होते. हवा ४५ अंशांवर गेली की ते ४५ अंशांचेच उरते. म्हणजे रेडिएटरचे सामर्थ्य एक तृतीयांशाहून अधिक घटते. नवा रेडिएटर ही तूट सोसतो. परंतु ज्याच्या नळ्यांत जड पाण्यातील क्षारांचे थर वर्षानुवर्षे साचले आहेत, त्याच्यापाशी शिल्लक अशी राहिलेलीच नसते. थंडीत झाकलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो तो असा.

म्हणून पहिला प्रश्न हा की, मोटार केव्हा तापते? बाजारातील गर्दीत तापत असेल व मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा, त्याचा सैल पट्टा किंवा जाळीत अडकलेली धूळ यांवर संशय घ्यावा. वेगात वा चढणीवर तापत असेल, तर चोंदलेल्या नळ्या, झिजलेला पंप किंवा आतल्या बाजूस चपटणारी खालची रबरी नळी पाहावी. सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असण्याचा संभव असतो. तो काढून तापत्या पाण्याच्या भांड्यात सोडला म्हणजे उघडतो की नाही ते दिसते. पाणी बाहेर न गळता कमी होत असेल आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडर-हेडखालील गॅस्केट फुटले असावे.

झाकणाकडेही दुर्लक्ष होऊ नये. ते वातावरणाच्या दाबाहून निम्म्याने अधिक दाब राखीत असेल, तर आतील पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर झिजले की हा लाभ नाहीसा होतो. उलट, चांगले झाकण गरम एंजिनावर उघडले तर दाब एकाएकी उतरतो, पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो आणि उकळता फवारा हात व तोंड भाजून काढतो.

यास्तव काटा चढू लागताच गाडी सावलीत उभी करून एंजिन बंद करावे व ते पुरते निवेपर्यंत झाकणास हात लावू नये. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक; लोखंड एकदम आकुंचन पावून त्यास तडा जाऊ शकतो. तासाभराच्या उतावळेपणापायी एंजिन गमावण्यापेक्षा तो तास सावलीत काढणे शहाणपणाचे होय. पुढे सकाळी एंजिन थंड असताना पाण्याची पातळी, पट्टा, नळ्या, जाळी व झाकण एवढे क्रमाने तपासावे. या तपासणीस खर्च जवळजवळ लागत नाही, आणि महाग भाग बदलण्याची पाळी पुष्कळदा तेथेच टळते.