धरणातली मासळी : पहाटेच्या दोन तासांचा व्यापार

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, पण मासळीचा धंदा आहे. सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण आणि केज तालुक्यात धनेगावचे मांजरा धरण हे त्याचे दोन मोठे आधार. या व्यापारात येऊ इच्छिणाऱ्या बांधवांनी पैसे गुंतवण्यापूर्वी एक पहाट भोई बांधवांबरोबर पाण्यावर काढावी, असे आम्ही सुचवतो. भाव कुठे चढतो आणि कुठे पडतो, हे तिथेच कळते.

संध्याकाळी पाण्यात सोडलेले नायलॉनचे जाळे पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून, म्हणजे चप्पूवरून, ओढले जाते. जाळ्याच्या घरात मान अडकेल एवढाच मासा सापडतो, लहान निसटतो. बारीक घरांचे जाळे लावणारा पुढच्या वर्षीचा माल आजच विकतो.

माल मुख्यतः तीन जातींचा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिघेही एकाच पाण्यात वाढतात. मात्र साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे धरणात बोटभर लांबीची पिल्ले, म्हणजे मत्स्यबोटुकली, सोडावी लागते. 1957 साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली. आजचा बीजाचा धंदा त्यावरच उभा आहे.

आता व्यापाराचे पाहू. रात्री लवकर अडकून मेलेला मासा सकाळी नरम पडलेला असतो. शेवटी अडकलेला ताठ असतो. दोन्ही एकाच भावात घेऊ नयेत. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, ही ताज्या मालाची खूण. उन्हाळ्यात किलोला किलोभर बर्फ धरावा. बर्फ बारीक फोडून मासा आणि बर्फ यांचे थर द्यावेत, आणि वितळलेले पाणी निघून जाण्यास पेटीच्या तळाला छिद्र ठेवावे. बर्फावर वाचवलेला पैसा दुपारी पडत्या भावात दुप्पट जातो.

कारागिरांनाही येथे काम आहे : जाळी विणणे व सांधणे, बर्फाच्या पेट्या बनवणे, मासळी साफ करून देणे.

धोकाही ओळखावा. धरणातील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, तेव्हा माल ठेकेदार संस्थेकडून रीतसर पावती घेऊनच उचलावा. शिवाय हा धंदा पावसावर आहे. 2016 मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जिथे पिण्याला पाणी नाही, तिथे मासा कुठला? म्हणून सारे भांडवल एकाच धरणावर लावू नये, आणि चांगल्या वर्षाच्या नफ्यातून कोरड्या वर्षासाठी काही बाजूला ठेवावे.