घाटात गिअर अडतो तेव्हा

पोलादपूर मागे टाकून महामार्ग कशेडीच्या चढाला लागला की गाडीच्या दोन खोड्या हमखास उघड्या पडतात. एक तापण्याची, दुसरी गिअरची. तापणं काट्यावर दिसतं. गिअरचं दुखणं मात्र दिसत नाही, ते हाताला कळतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मध्येच अडतो. वळणावर ट्रक आडवा आला म्हणून घाईने दुसरा मागावा, तर तो सापडतच नाही. क्लच सोडला की बॉनेटखालून ‘धप्प’ असा आवाज येतो. शेजारी बसलेले मेहुणे लगेच निदान करून मोकळे होतात: क्लच प्लेट गेली.

मग गावी पोचल्यावर अंगणात गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून बघावं, तर पाचही गिअर लोण्यासारखे पडतात. मेहुण्यांना हे पटत नाही, पण निदानाची किल्ली इथेच आहे. क्लच नीट सुटत नसेल तर उलटं होतं: इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि इंजिन चालू केलं की उभ्या गाडीतही पहिला किंवा रिव्हर्स टाकताना करकर होते. सिंक्रो रिंग झिजली असेल तर ठराविक एकाच गिअरला, बहुतेकदा दुसऱ्याला, खरखर होते. दांड्याखालचं बुश गेलं असेल तर दांडा कायमच ढिला लागतो, गाडी उभी असो वा पळती. पण उभ्या गाडीत सगळं ठाकठीक आणि चढावर, भाराखाली गिअर रुसतो, असं असेल तर आधी बघायचं ते गिअरबॉक्सचं माउंटिंग.

माउंटिंग म्हणजे लोखंडी पट्टीत घट्ट बसवलेला जाड रबराचा ठोकळा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला. हे सगळं धूड साधारण तीन ठिकाणी टांगलेलं किंवा टेकवलेलं असतं: एक इंजिनच्या बाजूला, दुसरं गिअरबॉक्सच्या बाजूला आणि तिसरं मागे किंवा खाली, धूड पुढेमागे झुलू नये म्हणून. या तिसऱ्याला त्याच्या आकारावरून गॅरेजात ‘डॉग बोन’ म्हणतात. गिअरबॉक्सकडचं माउंटिंग बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या ट्रेखाली दडलेलं असतं. त्यामुळे सर्व्हिसिंगला त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि बॅटरीतून ओघळलेलं अॅसिड त्याच्या लोखंडावर निवांत काम करत राहतं.

या रबरावर किती भार येतो, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन साधारण ११० ते ११५ न्यूटन-मीटर पीळ देतं. पहिल्या गिअरमध्ये तो चाकांपर्यंत पोचेतो चौदा-पंधरा पट होतो, म्हणजे सोळाशेच्या घरात जातो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दीडशे किलोंहून जास्त वजन टांगावं, तेवढा हा पीळ. चाकं रस्त्याला जेवढं रेटतात, तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या धुडावर येतो आणि तो अडवायला ही दोन-तीन रबरंच असतात. आता कशेडीसारखा चढ घ्या. ट्रकच्या मागे थांबायचं, पहिल्यात उठायचं, दुसरा टाकायचा, पुन्हा थांबायचं. उतरताना दुसऱ्यात इंजिनवर गाडी रोखायची, की पीळ उलट्या दिशेने. प्रत्येक वळणाला धूड एकदा पुढे आणि एकदा मागे कलतं. सपाट हमरस्त्यावर पाचव्यात तासभर जाताना रबराला जे सोसावं लागत नाही, ते इथे काही किलोमीटरांत सोसावं लागतं.

याचा गिअर पडण्याशी संबंध काय? गिअरचा दांडा गाडीच्या सांगाड्याला पक्का असतो आणि गिअरबॉक्स रबरावर झुलता. मधलं नातं केबलचं किंवा सळ्यांचं. रबर शाबूत असेल तोवर झुलणं थोडं असतं, हाताला कळतही नाही. रबर फाटलं किंवा बसलं की गिअरबॉक्स जागचा हलतो आणि दांड्याने दिलेला निरोप चुकीच्या जागी पोचतो. पावसाळ्यात दार बिजागरीत उतरलं की कडी कोयंड्यात बसत नाही, तसंच हे. कडी धडधाकट असते, तरी आपण कडीच ठोकत बसतो. सळ्यांची जोडणी असलेल्या गाड्यांत हा त्रास जास्त जाणवतो, कारण धुडाचा प्रत्येक हेलकावा थेट दांड्यापर्यंत येतो. केबल जरा सांभाळून घेते, पण तिलाही मर्यादा आहे. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअरचा दांडा आपोआप पुढेमागे होत असेल, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

बोलेरोसारख्या मागची चाकं चालवणाऱ्या गाड्यांची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे गिअरबॉक्स उभा, दांडा जवळजवळ त्याच्याच डोक्यावर, आणि शेपटाकडे एका आडव्या पट्टीवर माउंटिंग. ते बसलं की दांडा थरथरतो, शेपूट खाली येतं, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि ठराविक वेगाला बुडाखाली घरघर सुरू होते. लोक ती घरघर चाकांच्या बॅलन्सिंगच्या खाती मांडतात.

रबर हे गाडीतलं तसं उशिरा आलेलं सुख आहे. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत इंजिन थेट चासीला बोल्टने आवळलेलं असे आणि त्याची प्रत्येक धडधड बसणाऱ्याच्या दातांपर्यंत पोचे. १९३१मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवलं आणि या युक्तीला ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणून मिरवलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएनने तिचे हक्क घेतले आणि गाड्यांवर तरंगत्या हंसाचं चिन्ह लावलं. आपल्याकडे चाकरमान्यांच्या दोन पिढ्या ज्या प्रीमियर पद्मिनीतून हा घाट चढल्या, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर होता. हातापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे यांचा लांबचा प्रवास, त्यामुळे जुन्या पद्मिनीत गिअर टाकणं ही ज्याची त्यालाच जमणारी कला होती. २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या टॅक्सीताफ्यातूनही गेली. गिअर ‘शोधण्याची’ सवय मात्र अजून आपल्या हातात आहे. म्हणूनच मला वाटतं, बिघडलेला गिअर आपण वर्षानुवर्षं गाडीचा स्वभाव म्हणून खपवून घेतो.

कोकणात रबर लवकर का जातं, याचंही कारण आहे. रबराचे खरे वैरी म्हणजे उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल. गिअरबॉक्सचं किंवा इंजिनचं ऑइल सील पाझरत असेल तर खाली बसलेलं रबर फुगून मऊ पडतं. अशा गाडीत सील न बदलता नुसतं माउंटिंग बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यावर आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस: चिखल पट्टीत साचतो, लोखंड गंजतं आणि रबर लोखंडापासून सुटतं. वरून ठोकळा धड दिसतो, पण बोट घातलं की फट लागते. इंजिनकडच्या काही माउंटिंगांत आत द्रव भरलेला असतो. ती फुटली की खाली काळपट ओघळ दिसतो.

तपासणी घरच्या घरी होते, पण दोघं हवेत. गाडी सपाटीवर, समोर मोकळी जागा, बॉनेट उघडं, हॅन्डब्रेक ओढलेला. एकाने ब्रेक पूर्ण दाबून पहिला टाकायचा आणि क्लच पकडू लागेल इतकाच सोडायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनकडे बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहू नये, ही सूचना मुलांनाही ऐकवावी. थोडं कलणं स्वाभाविक आहे. पण धूड दचकून उठावं तसं उचललं गेलं किंवा ठोका ऐकू आला, तर माउंटिंग गेलं म्हणून समजा.

महामार्गावरच्या गॅरेजांत जुना मिस्त्री याहून सोपं करतो. गाडीखाली न जाता आधी बॅटरीचा ट्रे काढतो, टॉमी रबराशेजारी घालून हलकी उचलतो आणि मालकाला बोलावतो. “बघा साहेब, क्लच चांगलाय. माउंटिंग बसलंय.” रबराला आडवी चीर असते आणि टॉमी दाबली की ती ओठांसारखी उघडते. बदलताना गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून मग जॅक लावायचा. फळीशिवाय जॅक, किंवा थेट ऑइल चेंबरखाली जॅक, ही घाईची कामं पुढे महागात पडतात. नवं माउंटिंग बसवल्यावर बोल्ट लगेच पुरते आवळायचे नसतात. धूड एकदा हलवून आपल्या जागी बसू द्यायचं, मग आवळायचं. नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं. छोट्या गाडीत हे तास-दोन तासांचं काम आहे, आणि क्लच किंवा गिअरबॉक्स खोलण्याच्या मानाने खर्च किरकोळ.

इथे एक मोह टाळावा. बाजारात पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग मिळतात आणि हौशी मंडळी ती ‘अपग्रेड’ म्हणून सुचवतात. त्यांनी गिअर खटाखट पडतात, हे खरंच आहे. रॅलीच्या गाडीत त्यांना तोड नाही. पण रबर जी थरथर गिळतं, ती हे कडक ठोकळे सरळ सांगाड्यात सोडतात. तीन सिलिंडरच्या गाडीत तर सिग्नलला उभं असताना आरसाही थरथरतो. आजीला, बाळाला घेऊन मुंबईहून खेड-चिपळूणला जाणाऱ्या गाडीला कंपनीचं साधं नवं रबर हेच योग्य अपग्रेड. आणि एक गेलं असेल तर उरलेली दोन्ही तपासून घ्यावीत. एकाचा भार बाकीची वाहतात, त्यामुळे तीही दमलेली असू शकतात. दुर्लक्ष केलं तर हिसके पुढे ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांना आणि सायलेन्सरच्या लवचिक नळीला बसतात.

२०२३च्या गणेशोत्सवात कशेडीचा एक बोगदा हलक्या वाहनांसाठी खुला झाला आणि घाटाची वळणं चुकवून डोंगराच्या पोटातून जाता येऊ लागलं. गिअरबॉक्सला त्याने मोठा दिलासा मिळाला. पण पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर किंवा महाडहून वरंध्याने भोर गाठायचं, तर चढ तेच आणि वळणंही तीच. गणपतीला निघण्याआधी सर्व्हिसिंगला गाडी टाकाल, तेव्हा ऑइल आणि ब्रेकसोबत ‘तिन्ही माउंटिंग बघा’ असं मिस्त्रीला स्पष्ट सांगा, आणि बदललं तर जुनं रबर हातात मागून घ्या. चीर तुम्हालाच दिसेल.